पाचव्या कलमाखालची सही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित, महाविद्यालयातून निवृत्त झालेली सॉफ्टबॉल प्रशिक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला आहे. स्वभावाचा दाखला मागूनही दिला नाही.

खरे तर हा कागद मी घाबरून लिहायला घेतला होता. पोटात गाठ सापडली आणि तपासणीचा निकाल यायला नऊ दिवस लागले. गाठ साधी निघाली. "निवांत घरी जा, तुम्ही आम्हाला अजून खूप वर्षं छळणार आहात," असे डॉक्टर म्हणाले. पण त्या नऊ दिवसांत एकच गोष्ट मनाला कुरतडत होती. ती पाचव्या कलमात येईल. ज्यांना वाटणीत रस आहे त्यांनी मात्र क्रमाने वाचावे.

कलम एक. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, तसेच बँकेतील सर्व ठेव माझ्या पुतणीला मिळावी. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. विकण्याआधी न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करावा. घेणाऱ्याला फसवू नये.

कलम दोन. करंडकांचे काचेचे कपाट, आतल्या सव्वीस करंडकांसह, पुतणीच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला द्यावे. मला नोकरी लागली तेव्हा चार पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "मुलींना बॅट फिरवायला शिकवायचा पगार देतात होय?" कपाट त्याने बैठकीच्या खोलीत ठेवावे आणि दर रविवारी स्वतः पुसावे. बायकोला पुसायला लावल्यास कपाट परत घ्यावे.

कलम तीन. मैदान मोजायची लांब फीत फुटबॉलच्या सरांना. एकोणीस वर्षे ते आमच्या मैदानात वीतवीत सरकत राहिले आणि विचारले की म्हणायचे, "अहो मॅडम, नजरेचा अंदाज चुकतो माणसाचा." आता अंदाजाची गरज पडणार नाही. परंतु त्या नऊ दिवसांत माझा दोन्ही वेळचा डबा त्यांच्याच घरून आला, हेही नमूद करते. सबब फितीसोबत माझी आरामखुर्चीसुद्धा त्यांचीच.

कलम चार. मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायची गाडी, जी महाविद्यालयाने भंगारात काढली आणि मी घरी आणली, ती मैदानावरच्या मामांना. सरळ रेघा त्यांनी आखल्या, शाबासकी मी घेतली.

कलम पाच. येथे द्यायला वस्तू नाही, कबुली आहे. "मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत," वकील म्हणाले. "कागद माझा आणि मरणारही मीच," मी म्हटले, तेव्हा त्यांनी कलमाला आकडा घातला.

सॉफ्टबॉलमध्ये बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, उभ्या असलेल्या मुलीला प्रशिक्षक ओरडून बेत सांगत नाही. समोरचा संघही ऐकत असतो. खुणा ठरलेल्या असतात. माझ्या संघात टोपीला हात म्हणजे थांब, कानाला हात म्हणजे पळ. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बजावत असे, "खूण दिसली की डोकं चालवायचं नाही, पाय चालवायचे."

बावीस वर्षांपूर्वी आम्ही अंतिम सामना खेळत होतो. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने मागे, तिघी बाद झाल्या की डाव संपतो त्यातल्या दोघी आधीच बाद, आणि दुसऱ्या बेसवर आमची डावखुरी. तिला सगळे याच नावाने हाक मारत. मी तिसऱ्या बेसजवळ उभी होते. माझ्या कानात चिलट शिरले आणि मी कान चोळला. डावखुरी पळाली. चेंडू तिच्या आधी तिसऱ्या बेसवर पोहोचला, ती बाद झाली, सामना गेला.

"चूक माझी" एवढे दोन शब्द पुरले असते. मी मात्र सगळ्या संघासमोर तिला विचारले, "कोणी सांगितलं होतं पळायला?" तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. पुढे निवड समितीला पाठवलेल्या अहवालात मी लिहिले, खेळ उत्तम, शिस्त नाही. मोठ्या संघात तिचे नाव आले नाही आणि तिने खेळ सोडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मला लाज वाटत होती, आणि लाज झाकायला मी आणखी कडक होत गेले.

गाठ साधी निघाली त्या दिवशी मी दवाखान्यातून तडक तिच्या दुकानात गेले. ती शिलाई यंत्रे दुरुस्त करते. एका यंत्राचा पट्टा बसवत होती. मी उभ्या उभ्याच सगळे सांगून टाकले.

तिने हाताचे तेल फडक्याला पुसले. "तुम्ही कान चोळलात आणि मान झटकलीत, मॅडम. ही खूण नसावी असं वाटलंच होतं मला."

"मग पळालीस कशाला?"

"डोकं चालवायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

मी तिथले स्टूल ओढून बसले.

"बाद झाल्याचं काही नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर तसं विचारलंत, ते लागलं. वर्षभर वाटायचं, आज येतील, उद्या येतील. मग सोडून दिलं."

मी रडले. तिने दोन गिऱ्हाइकांना दुपारनंतर यायला सांगितले आणि आम्ही दीड तास बोलत बसलो. घरी आले तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला होता. नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

सबब जाहीर करते की ती माझी खूण पाहूनच पळाली आणि चूक सर्वस्वी माझी. जुनी नोंद बदलता येत नाही, असे महाविद्यालयाने कळवले आहे. म्हणून या कलमाची प्रत क्रीडा विभागाच्या फलकावर लावावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये, उद्याच लावावी. ही व्यवस्था पुतणीने पाहावी. मृत्युपत्राच्या अंमलासाठीही मी तिलाच नेमते.

कलम सहा. चेंडू झेलायचा माझा तीनदा शिवलेला हातमोजा डावखुरीला द्यायचा होता. हे कलम मी रद्द करते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले. मी तिला फोन करून विचारले, "मोजा हवा की सही?" ती म्हणाली, "सही, मॅडम. तसाही तो मोजा माझ्या हातात बसणार नाही, उजव्यांचा आहे." इतकी वर्षे शिकवून मला हे सुचले नव्हते. मोजा सध्याच्या संघातल्या ज्या मुलीला बसेल तिचा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून त्यांच्यादेखत सही केली आहे.

ठिकाण: माझ्या घरातले जेवणाचे टेबल
तारीख सतरा, शनिवार, सकाळी साडेदहा

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. प्रकृती ठणठणीत.

साक्षीदार दुसरी: (सही, डाव्या हाताने) शिलाई यंत्रे दुरुस्त करणारी. पाचवे कलम मी स्वतः पुन्हा दोनदा वाचले. सगळे खरे आहे. बावीस वर्षे हे आम्हा दोघींनाच माहीत होते. आता लिहिलेले आहे.