टाकीखालची रंजना

॥ श्री ॥
गोडादरा, सुरत
१२ जानेवारी २०२५

ती. सरलाआत्यास,
वैशालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आजूबाजूला कुणी ना कुणी असतंच, म्हणून पत्र लिहून गावी निघालेल्या वाल्मिकदादाच्या हाती देते. माझी शाळा गुजराती. मराठी अक्षरं तू ताटातल्या पिठावर गिरवून घेतलीस, तेव्हा चुका तुझ्याच.

मी रविवारी चाळीतल्या पोरींना पाळी, शरीर, लग्नाआधी काय माहीत हवं ते सांगते. दवाखान्यातल्या नर्सताई मदतीला येतात. आया कुरकुरतात. घरमालकीण मालतीबाई तर म्हणाल्या, पोरींना शहाणं करतेस की निर्लज्ज?

आता तुला दुखेल ते लिहिते. आपली रंजना इथेच गेली त्याला अकरा वर्षं झाली, पण ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखाली बसते, पाळीत वर गेलेल्या पोरीला धरते, असं चाळ अजून मानते. मीही तिथून पळतच जाते. परवा धीर करून टाकीखाली हात घातला, तर हाताला ओलं कापड लागलं. साडीकामातून उरलेल्या नायलॉनच्या चिंध्या, काहींना जरीची किनार तशीच. पोरींनी पाळीत वापरून, धुऊन वाळत घातलेल्या. भुताच्या गोष्टी त्याच पसरवतात, आत्या, म्हणजे तिथे कुणी फिरकत नाही. तुझी लेक त्यांची राखण करतेय.

मालतीबाईंच्या नातीला, स्वातीला, ताप येतो, नीट चालवत नाही. दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर मालतीबाई म्हणतात, रंजनाच लागलीय, भगत बघेल. रंजनाला खरं काय झालं होतं? मला ठाऊक नाही ते मी सांगणार नाही. तू लिहिलंस तर त्या ऐकतील. उशीर नको.

रागावलीस तरी तोडू नकोस.
तुझी वैशाली

पारोळा
१४ जानेवारी २०२५

चि. वैशालीस पोटभर आशीर्वाद.

वाल्मिक दारात उभा आहे, गाडी चुकेल म्हणून चहासुद्धा नको म्हणतो. तुझे र अन् व अजून चिकटतात. कान पिळायला यावं लागेल.

लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. मी ऐकून घेतलं. पण शेवटची आंघोळ मी घातली होती. कापड घासून मांड्यांना जखमा झाल्या होत्या, चिघळलेल्या. किनारीचा धागा कातडीत रुतला होता. पोर ताप अंगावर काढत राहिली. हे सांगायचं असतं, एवढंही तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते पाणी ओतलं अन् तोंड मिटलं.

मालतीबाईंना हे वाचून दाखव. नाव लपवू नको. मन्ही पोर भूत नही शे. इतकी वर्षं तिला टाकीखाली बसवलंत, आता उठवा.

माझं सुती लुगडं सोबत देते. मऊ झालंय. फाडा.

पोरींना जप, स्वतःलाही.
आत्या

गोडादरा, सुरत
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न.

पत्र मिळालं त्याच दिवशी मालतीबाईंच्या ओट्यावर वाचलं. धाग्याची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग उठल्या, भगताला चहा पाजून वाटेला लावलं आणि स्वातीला चप्पल घालायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अजून थांबला असतात तर अवघड होतं. ताप उतरलाय. काल स्वाती मला म्हणाली, वैशालीताई, तुझा चेहरा बघूनच माणूस आजारी पडेल. म्हणजे बरी आहे.

मालतीबाईंनी गच्चीवर भर उन्हात दोरी बांधलीय. पुरुषांना बजावलंय, दुपारपर्यंत कुणी वर आला तर त्याच्या खोलीचं पाणी बंद. येत्या रविवारी वर्ग त्यांच्याच ओट्यावर आहे.

तुझ्या लुगड्याचे तुकडे आज पहिल्यांदा उघड्यावर वाळले. पोरी आपापले घेऊन गेल्या. टाकीकडच्या टोकाला एक उरला. कुणाचा, असं विचारलं, तर प्रत्येकीनं हातातला आपापला दाखवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून मालतीबाईंनी त्याला चिमटा लावला.

तो आम्ही काढणार नाही. तू ये आणि काढ. तोवर माया आटू देऊ नकोस.

तुझी वैशाली