बारानंतरचा घास

६ जुलै, रविवार

आजपासून रोजनिशी. लिहायला येत न्हाय म्हणून काय झालं? फोनवर माइकचं चित्र दाबायचं, मी बोलते, तो लिहितो. सुनेनं, प्रीतीनं शिकवलं. मला वाचता येत न्हाय, त्यामुळं उद्या मीच मला खोटं पाडायला येणार न्हाय. असली सोय शिकलेल्यांना कुठली!

वजन एकशे चार. गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, मुक्ताबाई, नव्वदच्या खाली या, मग ऑपरेशन. म्या म्हणलं, साहेब, तुमीच थोडं वर या की. हसले न्हायत.

आमच्या वाशी तालुक्यातल्या शिबिरात नाव दिलं होतं तो ऑनलाइन गट आज सुरू झाला. नाव ‘सोबत’. सगळी माझ्यासारखी भरलेली माणसं. दर रविवारी चारला मीटिंग. पुण्याच्या वृषाली मॅडम चालवतात. त्या एकट्याच काडीसारख्या. नियम सांगितले: कुणाला हसायचं न्हाय, खाण्या-औषधाचा सल्ला द्यायचा न्हाय, फक्त सोबत द्यायची. आता सल्ला द्यायचा न्हाय तर बाईमाणसानं बोलायचं तरी काय?

संकल्प: दिवाळीला नव्वद. सोपं हाय.

८ जुलै

मॅडमनी जोड्या लावल्या. माझी सोबतीण शांताक्का. उमरग्याच्या पुढं, पार शिवेवरचं गाव. वय अठ्ठावन्न, वजन शहाण्णव, वर साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ गोळी. रोज एकमेकींना आवाजी निरोप पाठवायचा. मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी थोरली, तरी मी तिला शांताक्का म्हणते आणि ती मला अक्का.

मुलगा रुद्रेश दिवसभर कामावर. ही घरात एकटी. दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पाऊल न्हाय. भाचीच्या लग्नात हिच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली. अख्खा मांडव हसला, एकानं मोबाइलवर काढलं. तेव्हापासून घरात. म्हणाली, अक्का, दिवसातनं तुमच्याशीच काय ते बोलते. म्या म्हणलं, खुर्चीच भुक्कड आसंल गं. हसली. पहिल्याच दिवशी हसवली म्या.

बिचारीला माझ्यासारखी खंबीर बाईच पाहिजे होती.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावास लागला. विहारात आमी बायकांनी उपोसथाचं अष्टशील घेतलं. दुपारी बारानंतर घास न्हाय. साडेअकराला साडेतीन भाकरी आणि वांगं जेवले, म्हंजे मन चळायला नको.

तिथं बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला. पौर्णिमेलाच का? रोज बारानंतर न्हाय खाल्लं तर? औषध नको, मॅडम नको. भन्तेजींना विचारणार होते. पण त्यांनी न्हाय म्हणलं असतं तर उगीच अडचण.

१२ जुलै, शनिवार

वजनाचा दिवस. आकडे मला कळतात, एसटीच्या पाटीवर शिकले. काट्यावर उभी राहिले तर एकशे पाच. गुडघा डगमगला म्हणून दाराच्या चौकटीला हात टेकला, तर एकशे एक. शेवटचा आकडा तोच धरायचा. डॉक्टरच म्हणालेत, आधार घेतल्याशिवाय उभं राहू नका.

ग्रुपवर कळवलं: तीन किलो कमी. टाळ्यांचे हात आले, वीसेक.

१४ जुलै

शांताक्कानं विचारलं, अक्का, तीन किलो कसं? सांगितलं, बारानंतर घास न्हाय. रोज.

तिनं विचारलं, संध्याकाळची गोळी जेवणावर असते, जेवण न्हाय तर गोळीचं काय करू? म्या म्हणलं, गोळी चुकवायची न्हाय, गोळी डॉक्टरांची हाय. औषधाच्या बाबतीत मी लई जबाबदार. आणि म्हणलं, हे मॅडमना सांगू नको, त्यांना असलं कळत न्हाय.

ती म्हणाली, आयतु अक्का. त्यांच्याकडच्या कानडीत आयतु म्हंजे बरं.

१९ जुलै

पाच वाजता चहा. चहा काय घास न्हाय. चहात बुडवलेलं बेकरीचं कडक बटर बी घास न्हाय, ते विरघळतं.

२३ जुलै

सात वाजता भाकरी. दुपारचीच होती, उरलेली, म्हंजे हिशेब दुपारचा. प्रीती म्हणाली, आई, उपोसथ सुटला का? म्या म्हणलं, तू ताट वाढ, तोंड नको वाढवू.

शांताक्काचा निरोप: संध्याकाळी हातपाय कापतात, घाम सुटतो, साखरेचा डबा डोळ्यांपुढं येतो. म्या कळवलं, चरबी जळायला लागली की अंग कापणारच. डब्याला हात लावू नको. मला बी व्हायचं पहिल्या आठवड्यात.

तसं मला काय झालं न्हाय. पण सोबत द्यायची म्हणल्यावर थोडं आपलं बी काहीतरी घालावं लागतं.

९ ऑगस्ट, शनिवार

मी सत्त्याण्णव (चौकट). शांताक्का नव्वद. ती काट्यावर कशी उभी राहते विचारलं न्हाय.

आज तिचा आवाज पोरीसारखा. गिरणीवर गेली होती! पायी, पीठ आणायला, दोन वर्षांनी. गिरणीवाल्या मल्लिकार्जुननं विचारलं, बाई, कुठं गावाला गेला होता का? कुणी हसलं न्हाय. म्हणाली, अक्का, दिवाळीत वाशीला येते, तुमच्या पाया पडते. म्या म्हणलं, पाया पड, पण हळू. गुडघे नाजूक हायत.

प्रीतीला ऐकवलं. ती म्हणाली, आई, तुमी रात्रीचं जेवता हे त्यांना माहीत हाय का? काय काय सुना कशातच चांगलं बघत न्हायत.

१७ ऑगस्ट, रविवार

मीटिंग. वृषाली मॅडम म्हणाल्या, शांताक्का, लई भराभर उतरताय, चेहरा सुकलाय, संध्याकाळचं जेवण होतं ना? गोळ्या कशा घेताय?

शांताक्का पडद्यावरच्या चौकोनांमधी माझा चौकोन शोधत होती. म्या हळूच, सांगू नको अशी मान हलवली. ती म्हणाली, जेवण होतं मॅडम. स्वयंपाकघरात गरम होतं, त्यानं सुकलंय तोंड.

शब्दाची पक्की बाई. मला भरून आलं.

२६ ऑगस्ट

शांताक्काचा निरोप न्हाय. काल बी नव्हता.

२८ ऑगस्ट

आज बी न्हाय. माझे चार निरोप पडून हायत, एकच खूण, दुसरी उमटत न्हाय. कारण मला ठाऊक हाय. शनिवारी म्या पंच्याण्णव कळवलं, तिचं अठ्ठ्याऐंशीवर अडकलं. जळली.

जरा खडसावलं: अडकलीस म्हणून तोंड लपवतीस व्हय? मी गुडघे घेऊन चाललेय, आणि तुला साधं बोलायला होत न्हाय?

३१ ऑगस्ट, रविवार

रुद्रेशचा फोन आला. मावशी म्हणाला. लई अदबीनं बोलतो.

सोमवारी तो रात्री आठला घरी आला, तर आई स्वयंपाकघरात पडलेली. पिठाचा डबा उघडा. आधी उमरगा, मग सोलापूर. साखर लई खाली गेली होती आणि तशीच कितीतरी वेळ राहिली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला. आता डोळे उघडते, बोलत न्हाय, ओळखत न्हाय.

त्यानं विचारलं, मावशी, डॉक्टर म्हणतात गोळी घेतलेली आणि पोट रिकामं होतं. आई तुमच्याशी रोज बोलायची, जेवणाबद्दल काय म्हणली होती का?

म्या म्हणलं, न्हाय रे बाबा. आमी आपलं इकडचं तिकडचं बोलायचो.

साखरेचा आजारच तसला. आमच्या गल्लीत बी एक गेला.

२ सप्टेंबर

वजन केलं न्हाय. गुडघा दुखतोय. संध्याकाळी खरंच भूक नव्हती, पण प्रीती बघत होती म्हणून जेवले.

७ सप्टेंबर, रविवार, भाद्रपद पौर्णिमा

रुद्रेशचा फोन. डॉक्टरांनी सांगितलं, ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. म्हणून त्यानं कालपासून आईच्या फोनमधले माझे निरोप लावायला घेतलेत. काल पहिला लावला, तो खुर्चीचा. मावशी, आईनं बोट हलवलं! आता पहिल्यापासून सगळे लावणार, रोज सकाळी एक.

बोट हलवलं. माझ्या आवाजानं. म्या उगीच मनाला लावून घेतलं होतं.

दुपारी मीटिंगमधी मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, मुक्ताबाईंसारखी सोबत मिळायला भाग्य लागतं. माझ्यावर छोटी फिल्म काढणार हायत. प्रीतीला नवं लुगडं काढायला सांगितलं.

९ सप्टेंबर

प्रीतीनं लुगडं काढलं न्हाय. भांडी घासता घासता विचारलं, आई, तो सगळे निरोप लावतोय? पहिल्यापासून?

म्या म्हणलं, व्हय की.

ती म्हणाली, म्हंजे गोळीचा बी. आणि मॅडमना सांगू नको म्हणलं तो बी.

तिनं राखेच्या हातानं बोटं मोजली. आठ जुलैचा सहा तारखेला लावला. रोज एक. चौदा जुलैचा शुक्रवारी येतो.

म्या म्हणलं, पुसून टाक. ती म्हणाली, आपल्या फोनमधनं पुसता येतो. त्यांच्या फोनमधनं आता न्हाय निघत, लई दिवस झाले. मग म्हणाली, तुमीच फोन करा, आई. त्यानं ऐकायच्या आधी तुमी सांगा.

करते की. उद्या.

१० सप्टेंबर

आज रुद्रेशला सहा नवे निरोप पाठवले. शांताक्का, ऊठ, गिरणीवर जायचंय. शांताक्का, आमच्याकडं पाऊस बरा हाय. एकात भीमाचं गाणं म्हणलं. खाली त्याला कळवलं, बाळा, आता हे लाव, जुने राहू दे, जुन्यात काय न्हाय.

त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ऐकणारा पोरगा दिसतो.

११ सप्टेंबर

सकाळी त्याचा फोन: मावशी, नव्या आवाजाला आई हलत न्हाय. जुन्यालाच बोट हलतं. म्हणून जुनेच लावतो.

सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, मावशी, तुमचे लई उपकार हायत. अशा वेळी कसं सांगायचं? त्याला वाईट वाटलं असतं.

प्रीती समोर उभी होती. आत गेली.

कदाचित उद्याचा निरोप तो नीट ऐकणार न्हाय. दवाखान्यात गोंगाट असतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार, दुपार

फोन साडेनऊला आला. प्रीतीनं आणून हातात दिला.

रुद्रेश ओरडला न्हाय. ओरडला असता तर म्या बी काहीतरी बोलले असते. मावशी म्हणला न्हाय. म्हणाला, ऐकला. पुढचे बी सगळे ऐकले बसून, साखरेच्या डब्याचा बी. आई तुमचा शब्द मोडायची न्हाय. मला बी म्हणायची, मी दिवसाच जेवले रे. मला वाटलं, लवकर जेवण झालं आसंल.

तिकडं दवाखान्यातलं मशीन वाजत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

मग म्हणाला, मला एकच विचारायचंय. तुमी स्वतः संध्याकाळी जेवत होता का?

प्रीती दारातच होती. तसं तर ती नसती तरी खरंच बोलले असते, मला वाटतं.

म्या म्हणलं, व्हय. जेवत होते.

तो म्हणाला, रोज?

म्या म्हणलं, रोज.

बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

मी किती तरी वेळ तसाच कानाला धरून बसले. मग ध्यानात आलं, आज शांताक्काचं कसं हाय ते विचारायचं राहूनच गेलं.