जुईचे केस झडले नाहीत

१४ मे
एवढा उन्हाळा, आणि जुईच्या अंगावर अजून जानेवारीचे केस. तबेल्यातले बाकीचे घोडे कधीच गुळगुळीत झाले. ही हनुवटीखाली, पोटाखाली अस्वल. तिला सांभाळणारा साईस रामफल म्हणाला, "मेमसाब, इस बार झड़े ही नहीं. और पानी देखो, दो बाल्टी फालतू पीती है." विनायक म्हणतो, बावीस वर्षांची घोडी म्हणजे म्हातारीच. माझा नवरा, निवृत्त कर्नल! स्वतःला सोडून सगळे म्हातारे.

१९ मे
डॉ. मेहरांनी तिच्या डोळ्यांवरचे खळगे दाबून पाहिले. भरून फुगलेत. पाठीचं मांस गेलंय, पोट सुटलंय. मी याला वय समजत होते. रक्त बर्फात ठेवून पाठवलं.

२७ मे
कुशिंग. मेंदूखालची ग्रंथी बिघडलीय, संप्रेरकं वाटेल तशी सोडते. इन्शुलिनही चढलेलं. बरं होत नाही, आवरून ठेवायचं. रोज गोळी, जन्मभर. केस कातरायचे. सुकं गवत भिजवून ते पाणी फेकायचं, म्हणजे गवतातली साखर उतरते. हिरवा चारा, गव्हाचा कोंडा बंद. गूळ तर अजिबात नाही. "खुरांच्या आत सूज आली तर उभं राहता येणार नाही," डॉ. म्हणाल्या. "आणि उभा न राहणारा घोडा..."
पुढचं मी ऐकलं नाही.

८ जून
गोळी काकडीत खुपसून दिली. दोनदा थुंकली. मी गुडघ्यांवर बसून भुशात शोधतेय. शाळेत सिस्टर बर्नाडेट नाक धरून कॉड लिव्हर ऑइल पाजायच्या, आणि मी ते गालात धरून गुलाबांच्या वाफ्यात. कोणाला कळलं नाही, गुलाब मात्र छान यायचे.

२ जुलै
कातरल्यावर केवढीशी दिसते. आज आपणहून चार पावलं दुडकी धावली. मानेसरच्या तबेल्यातून घरी परतताना कंपन्यांच्या बसमागे तासभर अडकलो, तरी चिडले नाही.

२१ ऑगस्ट
डावा पुढचा खूर गरम. घोट्यामागे बोट ठेवलं तर नाडी उडतेय. मागे रेलून उभी, पुढच्या पायांवर भारच देत नाही. डॉ. म्हणाल्या, कोणीतरी गोड देतंय. मी सगळ्यांसमोर रामफलला विचारलं, तू देतोस का? तो बालदी ठेवून म्हणाला, "बारह साल में आज पूछा आपने."

२४ ऑगस्ट
वि.ची पँट धुवायला टाकताना खिशात मुंग्या. गुळाचा चुरा.
फौजेतली चाल: उतरलं की आधी घोड्याला गूळ, मग आपण पाणी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हे किती आवडलं होतं. याचं घोड्यावर बसणं बंद झालं, ही चाल नाही.
"एवढासाच गं, मालू. खिसा हुंगते ती. रिकामा हात कसा दाखवू?"
भांडायचं होतं. जमलं नाही.

२५ ऑगस्ट
रामफलची माफी मागितली. "मुझे तो पता था, मेमसाब." मग बोलला का नाहीस? "साब की शिकायत मैं करूँ?"
म्हणजे एकाला रिकाम्या हाताची लाज, एकाला साहेबाचा मान. आणि पाय तिचे.

३ सप्टेंबर
एक्स-रे. खुरातलं हाड खाली सरकलंय. जाड भुशावर ठेवलीय. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो. अजून सरकलं तर तिला जगवत ठेवू नका, असं डॉ. स्पष्ट म्हणाल्या. वि. तबेल्यात येत नाही. सकाळी तयार होतो आणि बाल्कनीत बसतो.

१७ सप्टेंबर
वि.ला ओढून नेलं. फोटोच्या वेळी तिचं डोकं त्यानेच धरलं. हाड सरकलेलं नाही. वरही आलेलं नाही. "अजून थांबायचं का, ते तुम्ही दोघं ठरवा," डॉ. म्हणाल्या. वि. मला म्हणाला, "तू सांग." घरातला एकही निर्णय या माणसाने कधी मला विचारला नाही, आणि आज हा. मी म्हटलं, थांबू. का म्हटलं, माहीत नाही. तिच्यासाठी की...
निघताना जुई आडवी झाली होती. रामफल म्हणाला, "थक गई है. शाम तक उठ जाएगी, मैं फ़ोन करूँगा."
सहा वाजून गेले. फोन नाही. आम्ही लावला तर वाजतोय, उचलत नाही. वि. परत लावतोय.