एमोसच्या शेजारची जागा

१७ नोव्हेंबर
लिओथावहिनी वॉशिंग्टनहून परतली. आल्या आल्या बूट भिरकावले! संसदेच्या समितीपुढे प्रत्येकाला पाचच मिनिटं, मग लाल दिवा लागतो म्हणे. "लागला दिवा. मी म्हटलं, साहेब, आमच्या लोकांनी गुलामीतून सुटून ही जमीन विकत घेतली, शाळा बांधली, तेव्हा त्यांना कुणी दिवा दाखवला नव्हता!" समितीचे अध्यक्ष हसले. बोला म्हणाले.
आमच्या टॉलिव्हर लँडिंग गावाची शाळा, बोटींचा धक्का आणि दफनभूमी रिसॉर्टवाल्यांच्या घशात जाऊ नये, कायद्यानं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान व्हावं — माझा भाऊ एमोस या ध्यासातच गेला. त्याच्यामागे बायकोनं एकटीनं रेटलं. खमकी बाई!

१९ नोव्हेंबर
खासदारांच्या कचेरीतून मिस गॅडसनचा फोन. कायदा झाला की दफनभूमी सरकारची. मग तिथे नव्यानं कुणालाच पुरता येणार नाही.
कुणाच्या ध्यानातच आलं नाही! चर्चच्या सभेत "घ्या, घ्या" म्हणत आम्हीच हात वर केले होते. पुरलेल्यांची काळजी सगळ्यांना, पुढे मरायचं आहे ते कुणाला आठवतंय?
तिथे एमोसच्या कबरीच्या उजवीकडे वहिनीची जागा, डावीकडे माझी. मला ना नवरा ना पोर. भावाशेजारी पडून राहायचं, एवढाच हिशेब होता.
मिस गॅडसन म्हणाली, "तुम्हा दोघींना तिथे पुरता यावं अशी एक ओळ घालता येईल. पण मग विधेयक परत सिनेटकडे जाईल, आणि अधिवेशन संपतंय. लटकेल सगळं."
वहिनी कोळंबी सोलत होती. "ओळबीळ नको. जाऊ दे आहे तसं."
"आणि तू कुठे जाशील?" मी विचारलं.
"आत्ता? चुलीपाशी."

२० नोव्हेंबर
बोलले नाही तिच्याशी. पण एवढं मोठं काळीज मला नाही, हेही खरं.

२ डिसेंबर
मंजूर!!
चर्चच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे सगळे. सभागृह जवळजवळ रिकामं! कुणीतरी वाचलं, दोन-चार जण "हो" म्हणाले, हातोडा आपटला. रेव्हरंड सिंगलटन घास तोंडात धरून बसलेले — "एवढंच?"
"एवढ्यासाठीच तर झिजलो," वहिनी म्हणाली. आणि टेबलाला धरून हुंदके देऊन रडली. एमोस गेला तेव्हाही अशी रडली नव्हती. मला तिचा काय अभिमान वाटला!
आता राष्ट्राध्यक्षांची सही तेवढी बाकी.

४ डिसेंबर
वहिनी सकाळपासून गायब. आधी रेव्हरंडकडे, मग अंत्यविधीवाल्या मिडलटनकडे. जेवताना म्हणते, "एमोसला चर्चमागे हलवायचं. ती जागा उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे. राष्ट्राध्यक्षांच्या सहीआधी व्हायला हवं. परवानगी मिळतेय, बहीण म्हणून तुझी संमती लागेल."
आमच्यात मेलेल्याची झोप मोडत नाहीत!
"लोक काय म्हणतील, वहिनी?"
"म्हणू देत. कायदा साऱ्या गावाचा आहे, त्याला मी हात लावणार नाही. नवरा माझा आहे."
मी ताट सारून उठले.

५ डिसेंबर
संमती दिली. तिला नाही म्हणणारी मी कोण?

७ डिसेंबर
उजाडताच एमोसला नेलं. सगळं गाव आलं होतं, गात गात. चर्चमागे ओकच्या झाडाखाली तीन जागा आखलेल्या. मी तिसरीकडे बघतच राहिले.
"बघतेस काय?" वहिनी खेकसली. "तुला वाऱ्यावर सोडेन होय?"