तुझी ऑनर्सची जागा

प्रिय अर्शी,

उद्या दुपारपर्यंत मला सरांना हो किंवा नाही सांगायचं आहे. जिला विचारल्याशिवाय मी साधी कुर्तीही घेत नव्हते, ती तू मरून बसलीस. मग विचारू कोणाला? म्हणून हे पत्र. भाषा कडू वाटली तर वाटू दे, माझा राग अजून गेलेला नाही.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. अम्मी-अब्बू अकोल्याहून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. आपले विभागप्रमुख सर बोलायला उभे राहिले आणि भावनेच्या भरात त्यांनी जाहीर करून टाकलं की ऑनर्सच्या यादीतली अर्शियाची जागा यंदा रिकामीच राहील, हीच तिला श्रद्धांजली. सगळा हॉल डोळे पुसत होता. मीही पुसत होते. पण प्रतीक्षा यादीत पहिलं नाव माझं होतं, हे त्या हॉलमध्ये किती जणांच्या लक्षात आलं असेल? माझ्या लगेच आलं.

आठवतं, फॉर्म भरण्यावरून आपण किती भांडलो होतो? मी म्हणत होते, इलेक्ट्रिकलचे आहेत तेच विषय झेपत नाहीत, त्यात हे ऑनर्सचे जादाचे कशाला? दोन वर्षं सगळे शनिवार कॉलेजात घालवायचे, तर मी नांदगावला घरी जायचं कधी? खाली राजापेठेच्या रस्त्यावर ट्यूशनच्या पोरांच्या गाड्या कोकलत होत्या, आणि वर आपल्या खोलीत तू माझ्यावर. "कावून घाबरून राहिली? जागा मोजक्या आहेत म्हणूनच भर ना."

भरला. तू यादीत आलीस, मी बाहेर राहिले. मी तोंड पाडून बसले तेव्हा तू माझ्या पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, "कोणी ना कोणी सोडतेच, तुझा नंबर लागते, पाहजो." सोडायची ही कुठली पद्धत, अर्शी?

सुट्टीत घरी गेलीस, ताप आला, तर फोनवर मला म्हणालीस, थकव्याचा आहे. मी म्हटलं दाखवून ये, तर तू विषयच बदललास. डेंग्यू निघाला तोवर फार उशीर झाला होता. परीक्षेत माझं एक गणित चुकलं की दिवसभर पिडायचीस, आणि स्वतःचा ताप तुला मोजता आला नाही?

परवा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विद्यापीठाचं म्हणणं आलंय की जागा अशी ठेवता येत नाही, कोणी घेतली नाही तर ती जाईल. सर म्हणाले, माझा शब्द गेला तर जाऊ दे, पण तिच्या घरच्यांचं मन दुखायला नको, तूच विचार करून सांग. म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची! तोवर बातमी वर्गात पोचली होती. कँटीनमध्ये एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं की मेलेल्याच्या जागेवर टपून बसणारे असतातच. मी चहा तसाच टाकून उठले. तू असतीस तर तिला सोडलं नसतंस.

आणि मला ती जागा हवी आहे. मशीनच्या विषयाची मला गोडी लागलीय, लावलीस तूच. पण हवी आहे ती माझी मला, की तुला हवी होती म्हणून? तू शेजारी नसताना ते विषय मला पेलतील तरी का? दोन दिवस याच फेऱ्यात आहे, डोकं नुसतं भणभणतंय.

शेवटी आज सकाळी एसटीत बसले आणि अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत ठरवत होते की अम्मीला नुसतं भेटून यायचं, विषय काढायचाच नाही. अम्मीने आधी जेवायला बसवलं. ताटात खिचडी वाढली, आणि मी पहिल्या घासालाच सगळं बोलून टाकलं.

अम्मीचा हात थांबला. मला वाटलं, आता उठून जाते की काय. मग म्हणाली, "बेटा, सर बोलले तवा मले बरं वाटलं होतं. घरी आल्यावर वाटलं, खुर्ची रिकामी ठेवून माही पोरगी थोडीच येऊन राहिली."

मी म्हटलं, म्हणजे मी घेऊ?

"घे. पण तू तिथं बसशील त मले वाईट वाटनच. खोटं नाही सांगत मी तुले."

मी मान खाली घालून जेवत राहिले. अम्मीने न विचारताच अजून वाढलं. मग भिंतीकडे बघत बोलली, "रोज फोन करे पोरगी. आज हे शिकवलं, आज ते शिकवलं. मले काई समजे नाही, मी नुसती हं हं करो. आता मले कोणी सांगत नाही."

अर्शी, दोन वर्षं एका खोलीत राहिलो आपण. फोन घेऊन गच्चीवर जायचीस, आणि मी मनातल्या मनात तुझं कोणाशी तरी जुळवून टाकलं होतं. तू अम्मीला ट्रान्सफॉर्मर समजावत होतीस!

मी उद्या हो सांगणार आहे. कँटीनमध्ये काय बोलायचं ते बोलू देत.

आणि तुला शब्द देते, शनिवारी वर्ग सुटला की मी अम्मीला फोन लावीन. काय शिकवलं ते सगळं सांगेन, सोपं न करता, तिला कळणार नाही असंच. ज्या शनिवारी तिला माझा आवाज नकोसा होईल, ती रडेल, मला बोलेल, त्या शनिवारीही मी फोन ठेवणार नाही. ती हं म्हणेपर्यंत थांबेन.

तुझीच,
सुजाता