चौथी ओळ

५ नोव्हेंबर

ति. काकांस सा. न. वि. वि.

तुमच्या पालकाचा अहवाल आमच्या प्रयोगशाळेतून आला. त्यात कॅडमियम हा विषारी धातू मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे. तो पालक खाऊ नका, कोणाला देऊही नका. काकू चिडेल, माझं नाव सांगा.

उपाय आहे. पालकाच्या चार ओळी नव्याने पेरा आणि मातीत चुना, भाताच्या तुसाची राख आणि थोडं झिंक घाला. कॅडमियम आणि झिंक मुळांत एकाच वाटेने शिरतात. झिंक पुरेसं असलं की कॅडमियमला वाट कमी मिळते. फक्त चौथ्या ओळीला काही म्हणजे काही घालू नका, ती तुलनेला हवी. फरक दिसला, तर शेजारच्या आठ वाफेवाल्यांनाही सांगता येईल.

राग आला तरी लोभ असू द्यावा.

तुमची पुतणी

१४ नोव्हेंबर

चि. चिमणीस अ. उ. आ.

काकूने तुझ्या नावाने बोटं मोडली, मग स्वतःच सगळा पालक उपटून पिशव्यांत बांधला. हे विष कुठून आलं ते मला माहीत आहे. धातूला मुलामा देण्याच्या कारखान्यातले ड्रम मी तीस वर्षं घरामागच्या याच जागेत धुतले. आता मीच निस्तरणार. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. नवं बी पेरलंय आणि सगळं मापून घातलंय.

आशीर्वाद नेहमीचेच, थोडे जास्त.

काका

२० जानेवारी

ति. काकांस सा. न. वि. वि.

चारही ओळींत कॅडमियम निम्म्यावर आलं, पण अजून मर्यादेच्या वर आहे. रोप तगलं म्हणून पान निर्धोक होत नाही, तेव्हा खाऊ नका. मात्र चौथी ओळ कशी उतरली? प्रयोगशाळेतले साहेब म्हणतात, मी नमुन्यांची अदलाबदल केली. तीनदा तपासलं, आकडे तेच. आता वाफेवाल्यांना काय तोंड दाखवू?

गोंधळलेल्या पुतणीवर लोभ असावा.

२७ जानेवारी

चि. चिमणीस अ. उ. आ.

साहेबांना सांग, चूक माझी आहे. चौथी ओळ पिवळी पडू लागली आणि मला बघवेना. ड्रम मी नेमके तिथेच उपडे करायचो. आधी विष पाजलं आणि आता औषधही द्यायचं नाही, एवढं मन घट्ट होईना. काकूचा डोळा चुकवून तिलाही सगळं घातलं.

ती ओळ आता तुलनेच्या कामाची नाही. म्हणून शेजारीच, जिथे ड्रमचं पाणी वाहायचं, तिथे पाचवी पेरली आहे. चुन्याच्या खोलीची किल्ली काकूच्या कमरेला आहे. पानं पिवळी पडतील, पडू देत. वाफेवाले विचारतील, हिलाच का उपाशी ठेवलं. तेव्हा इथे मी काय ओतायचो ते त्यांना सांगणार आहे. तीस वर्षं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

या खेपेला लोभ मीच मागतो आहे.

काका