मुखेडच्या बाजारात न दिलेला हुंकारा

मामा, शनिवार-रविवार असे दोन दिवस मी लातूरला गाण्याच्या आणि विनोदाच्या एका मोठ्या कार्यक्रमाला होतो, आणि दोन्ही दिवस तुम्ही तिथं होता. हे कुणाला सांगायची सोय नाही. लेकीला सांगितलं तर ती आधी बीपी मोजेल. म्हणून वहीत लिहितो आहे. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, आणि सातवीतून उठवून तुम्हीच मला तुमच्या गाण्या-बतावणीच्या पार्टीत घेतलं, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर अर्धा दोष तुमचा. मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारायला मी चाळीस वर्षांहून जास्त वेळ लावला. मुखेडच्या बाजारात त्या दिवशी मी गप्प बसलो, ते मुद्दाम होतं असं तुम्हाला वाटलं होतं का?

लातूरला जायला माझं मन नव्हतंच. घराला कुलूप नीट लागलं का, गॅस बंद केला का, या काळजीत मी चाकूरच्या स्टँडवर उतरून परत फिरणार होतो. पण लेकीनं तिकिटं काढून ठेवली होती. फाटकापाशी एका पोरीनं माझ्या मनगटाला कागदी पट्टा चिकटवला, दवाखान्यात भरती केल्यावर बांधतात तसा. मी लेकीला विचारलं, हा काढता येतो ना? ती म्हणाली, "अण्णा, उद्या रात्रीपर्यंत काढायचा नाही." झालं, तेवढ्यानंच माझा हात जड झाला. मैदानात मोठमोठे पंखे लावले होते, त्यातून पाण्याचा फवारा उडत होता. ज्या गावात नळाची वाट बघत माणसं म्हातारी झाली, तिथं हवेत पाणी उडवून राहिले होते. ऊन कलल्यावर गाणी सुरू झाली. गिटारवाल्या पोरांची एक पार्टी, तिच्यात एक हलगीवाला. मामा, त्या पोराच्या थापेत दम होता. मधेच त्यांनी आपण जयंतीला विहारापुढं म्हणायचो ते एक गाणं धरलं, चाल पार बदलून टाकलेली, आणि हजारभर पोरं उड्या मारायला लागली. मी मान वळवून तुम्हाला म्हणालो, बघा. बाजूच्या खुर्चीवर लेकीची पिशवी होती.

मग विनोद सांगणारे आले. एकेक जण येतो, माईक हातात घेतो आणि एकटाच बोलतो. साथीला कुणी नाही. पहिल्या पोराला बघून मला धडकीच भरली, की याला हुंकारा कोण देणार? आपल्या बतावणीत, गाण्यांमधल्या त्या दोघांच्या विनोदी बोलण्यात, तुम्ही बोलायचे आणि मी विचारायचो, "मग?" एवढंच माझं काम. सहा-सात वर्षं मी रोज तेच एका शब्दाचं काम केलं. तुम्ही म्हणायचे, "फोटो काढायला गेलो. कोट पाटलाचा." मी म्हणायचो, "मग?" "मग पाटील बी संगं आला. म्हणला, हात वाकवू नको, शिवण उसवंल." "मग?" "मग काय, कोट पाटलाचा, बूट पाव्हण्याचे, मुंडकं तेवढं माझं." इथं तुम्ही नाकानं बारीक श्वास घ्यायचे, मी "मग?" म्हणायचो, आणि तुम्ही सांगायचे, "मग फोटोवाला म्हणला, मुंडकं जरा बाजूला घ्या, कोट दिसंना." माणसं मांडीवर थापा मारून हसायची.

तिसऱ्या का चौथ्या नंबरला एक पोरगी आली, चाकूरकडची. साधा पंजाबी ड्रेस, केस कसेबसे बांधलेले. म्हणाली, "आई म्हणली, स्थळ आलंय, लातूरचं. म्हणलं, पोरगा करतो काय? आई म्हणली, ते म्हाईत न्हाई. पण दारातल्या बोअरला मे महिन्यात बी पाणी हाय." आणि तिनं नाकानं बारीक श्वास घेतला. स्पीकरमधून तो मैदानभर ऐकू आला. मामा, तो तुमचा श्वास होता. मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "मग?"

सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. लेकीनं माझी बाही ओढली, "अण्णा, गप बसा, लोक बघून राहिलेत." पण ती पोरगी घाबरली नाही. म्हणाली, "मग काय काका, पाणी बघून हो म्हणून टाकलं. पोरगा बघायचा ऱ्हायलाय अजून." हशा थांबेना. थांबल्यावर तिनं मलाच धरलं, "काका, तुमच्या दारात हाय का बोअर?" मी म्हणालो, "हाय, पण आटलाय." "मग बसा गप. तुमच्याकडं स्थळ येत नसतंय."

कार्यक्रम सुटल्यावर ती शोधत आली. मला वाटलं, भांडायला आली. मी हात जोडून सवय आहे म्हणून सांगायला लागलो. ती म्हणाली, "काका, माफी कशाची? बरोबर जागेवर आलात. उद्या माझ्या बाजूला खुर्ची टाकते, बसता का?" मी म्हणालो, मला बीपी आहे. "मला बी हाय, स्टेजवर चढले की," ती म्हणाली. मी हो म्हणालो, आणि त्या क्षणापासून मुखेड डोळ्यांपुढून हलेना.

तुम्हाला आठवत असेल, मुखेडच्या आदल्या दिवशी चाकूरला मी माझ्या मनानं एक वाक्य घातलं होतं. तुम्ही म्हणालात, मुंडकं तेवढं माझं, आणि मी "मग?" न म्हणता विचारलं, "मग ते बी परत करायचं का?" लोक असे हसले की तुमचं शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्या चुलीपाशी आपण न्याहारीला बसलो आहोत. पेटीवाला आहे, ढोलकीवाला आहे. तुम्ही भाकरी मोडता आणि माझ्याकडं न बघता म्हणता, "हसू आणायचं काम माझं हाय. तू दार उघडायचं आन् बाजूला व्हायचं. दारात उभं ऱ्हायचं न्हाई." ढोलकीवाला हसला. मामी म्हणाली, "खाऊ द्या की त्याला." मी खाल्लं, पण काय खाल्लं ते कळलं नाही.

त्याच दिवशी मुखेडचा बाजार. दुपारी चारचा सुमार, बैलगाडीवर फळ्या टाकून केलेलं स्टेज. तुम्ही त्या जागेवर आलात. मुंडकं तेवढं माझं. श्वास घेतला. मी काहीच बोललो नाही. तुम्ही हसऱ्या तोंडानं थांबलात. मग तेच वाक्य पुन्हा म्हणालात. माझ्याकडं बघितलंत. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मामा इसरला रं!" आणि मग तुम्ही स्वतःच, हळू, स्वतःलाच विचारलंत, "मग?" तो आवाज मी विसरू शकलो नाही. अंधारात वाट चुकलेला माणूस हाक मारतो तसा. पुढचं वाक्य तुम्ही म्हणालात, पण कुणी हसलं नाही.

खाली उतरल्यावर मी सांगितलं, मिरचीचा ठसका लागला, आवाज फुटेना. तुम्ही तसेच बाजारात गेलात, गुळाचा खडा आणलात आणि माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "घसा सांभाळ लेका, आपलं पोट त्याच्यावर हाय." माझ्यावर विश्वास बसला म्हणून तो गूळ दिलात, का सगळं कळलं म्हणून? बतावणी तुम्ही नंतर केली नाही, नुसती गाणी म्हटली. पोळ्याच्या आत तापानं गेलात. मी ठसक्याची गोष्ट मामीला सांगितली, बायकोला सांगितली, लेकीलाही सांगितली. इतक्यांदा सांगितली की खरंच ठसका लागला असेल, असं मलाही वाटायला लागलं होतं.

रविवारी मी खुर्चीत बसलो. हातात वेगळा माईक. पोरगी बोलायला लागली, "बघायचा कार्यक्रम ठरला. त्यांची सात माणसं, आन् आमच्याकडं पाण्याचा जार एकच." "मग?" "मग काय, पाव्हण्याला म्हणलं, चहा घेता का हात धुता?" हशा. दोनदा, तीनदा मी दार उघडलं आणि बाजूला झालो. मग ती शेवटच्या जागेवर आली. "आईनं पोराला विचारलं, पाणी गोड हाय का खारं?" तिनं श्वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी बोललो नाही. शब्द तोंडात तयार होता, घसा मोकळा होता. पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं हललं. दिव्यांच्या पलीकडं, जिथं काही दिसत नव्हतं, तिथं तुम्ही उभे होता हे मला पक्कं माहीत होतं. मग मी म्हणालो, "मग?" ती म्हणाली, "मग पोरगा म्हणला, बोअर भावाच्या वाटणीला गेला." मैदान उसळलं. उतरल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले, "काका, काय थांबलात! कुणी शिकवलं हो हे?" मी तुमचं नाव सांगितलं.

तुम्ही मला असं थांबायला कधी शिकवलं नाही. लेक आत्ता दोनदा दारात येऊन गेली, काय लिहिताय म्हणून. औषधांची यादी करतोय म्हणालो. हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, वही गादीखाली राहील. मुखेडला ठसका लागला नव्हता, मामा. आणि काल ती पोरगी माझ्या तोंडाकडं बघत उभी होती तेव्हा, तेवढा एक श्वासभर, मला फार बरं वाटलं. मुखेडलाही वाटलं होतं.